चोवीस बाटल्यांची राखण

"तोंड उघड, आत्माराम."

आत्मारामाने तोंड उघडलंन. अण्णांनी नाक पुढे केलं, हुंगलं, मागे घेतलं.

"तोंडाला नाही. हात बघू."

हात पुढे केलेन. हातांना स्पिरिटचा वास होता.

"हाताला येनारच, अण्णा. सकाळधरनं त्याच बाटल्या भरतंय मी."

"ते मला नको सांगू. शिमग्याला गावी गेलेला माणूस कोरडा परत आला असं मी अजून बघितलेलं नाही."

सन शहाऐंशीचा शिमगा नुकताच सरला होता. पालख्या देवळात जाऊन बसल्या होत्या आणि गावी गेलेली माणसं कामावर परतली होती. अण्णा हे रत्नागिरीतल्या एका कॉलेजाचे भांडारवाले. काचसामान, अ‍ॅसिडं आणि सरकारी परवान्यावर येणारं स्पिरिट त्यांच्या कुलपात. आत्माराम आमच्या मंडणगडाकडचा, आमच्याच वाडीतला. कॉलेजाच्या मागच्या कौलारू खोलीत पांढरे उंदीर सांभाळायचा, रोजंदारीवर. वय चाळिशीच्या अलीकडचं, उंची बेताची. हात मात्र असा, की सुईच्या टोकावर भाताचा दाणा ठेवील. मुंबईच्या गिरणीत चालत्या साच्यावर तुटलेला धागा जोडण्यात त्याची बारा वर्षं गेली होती.

धागा जोडता जोडता दारूही जोडली. बेतानं नव्हे, सपाटून. मोठा संप झाला, गिरणी बंद पडली, आणि हा गावाला आला तो आडवा होऊनच. त्याची बायको राही, दारात पडलेल्या नवऱ्याला ओलांडून एक दिवस लेकीला, चिमाला, काखेत मारून खेडाकडे माहेरी निघून गेली. रडली नाही, भांडली नाही. गेली. तेव्हा आत्माराम वाडीच्या वेशीवर राखणदाराच्या दगडापाशी गेला आणि त्याच्यासमोर दारू सोडलीन. आमच्याकडे राखणदार म्हणजे वेशीचा धनी. वाटेला त्याचा, शेताला त्याचा, दारूच्या बाटलीलासुद्धा त्याचा वाटा पहिला. बाटली उघडली की पहिले थेंब जमिनीवर, तीच त्याची राखण. त्याला दिल्याशिवाय जो पितो, त्याला मग ती दारू पिते, असं आमचे म्हातारे सांगत.

वर्षभर कोरडा राहिल्यावर राही परत आली, पण एका बोलीवर. "पुन्यांदा एक घोट कळला, तर ही चालले मी. मंग तुमी माज्या दारात मरून पडलाव तरी बगायची न्हाय." त्या बोलीवर रत्नागिरीत खोली केलीन, कॉलेजात चिकटला. पहिल्याच दिवशी मालिनीबाईंना आपणहून सांगितलंन, "बाई, मी पीत व्हतो. आता न्हाय पीत."

मालिनीबाई प्राणीशास्त्र शिकवायच्या, आणि शिकवता शिकवता त्यांचं डॉक्टरेटचं काम चालू होतं. त्यांनी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. "पाजायची उंदरांना आहे, आत्माराम. तुम्हाला नाही."

तर त्या उंदरांची गोष्ट अशी. चोवीस पिंजरे, एका पिंजऱ्यात एक उंदीर. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या उलट्या अडकवलेल्या, तोंडाला काचेची नळी. एकीत साधं पाणी. दुसरीत शंभराला दहा भाग दारू मिसळलेलं पाणी. कोणावर जबरदस्ती नाही. वाटली तर दारू प्यावी, नको तर पाणी प्यावं. रोज सकाळी नऊला दोन्ही बाटल्या किती उतरल्या ते बघायचं, पुन्हा शंभराच्या रेघेपर्यंत भरायच्या, आणि डावीकडची उजवीकडे लावायची. नाहीतर उंदीर चवीनं न पिता बाजूच्या सवयीनं पितो. शेवटचा पिंजरा, पंचविसावा, रिकामा. त्यालाही दोन बाटल्या. त्यातून जे कमी होईल ते गळून नि उडून गेलेलं. तेवढं सगळ्यांतून वजा करायचं.

"आनी हे कशापायी, बाई?" आत्मारामाने विचारलं होतंन.

"मेंदूत सिरोटोनिन म्हणून एक द्रव्य असतं. माणसाच्याही असतं. झोप, भूक, मनाचा तोल, बऱ्याच गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. ते तयार होतं, वापरलं जातं, मोडतं. मोडून जे उरतं तेही मोजता येतं."

"म्हंजे भात किती कांडलं ते तुसावरनं कळतं, तसं."

बाई हसल्या. "अगदी तसं. आपणहून दारू पिणाऱ्या उंदराच्या डोक्यात हे कांडण वाढतं की मंदावतं, ते बघायचंय."

आत्माराम पिंजऱ्यांकडे वळला. मग विचारलंन, "पन बाई, आदी काय? डोक्यात कमी हाय म्हनून पितो, का पितो म्हनून डोक्यात कमी हुतं?"

"तेच तर कोणाला नीट माहीत नाही."

त्या दिवसापासून उंदीर त्याला परके वाटेनात. नावं मात्र कोणाला ठेवली नाहीत. नंबर होते, तेवढे पुरे.

आता घोटाळा काय झाला ते ऐका. आत्माराम बाटल्या भरायचा तेव्हा एका उंदराची दारू दिवसाला सरासरी नऊ मिली उतरायची. शिमग्याला तो सात दिवस गावी गेला. गडी नाही म्हणून बाईंनी स्वतः बाटल्या भरल्या, आणि आकडा आला सहा. आत्माराम परत आला, आकडा परत नऊ. रिकामा पिंजरा मात्र आपला होता तिथंच, रोज अर्धा-पाऊण मिली.

बाईंनी वही अण्णांना दाखवली, स्पिरिट बदललं का ते विचारायला. अण्णांनी स्पिरिट बघितलं नाही, माणूस बघितला.

"एका बाटलीमागे तीन. चोवीस त्रिक बहात्तर. बाई, उंदीर नाही पीत ही. रोज सकाळी घोटभर कोण घेतो ते तुम्हाला मी सांगायला हवं? पूर्वीचा दारुडा आहे, त्यानंच तुम्हाला सांगितलंन. आणि जूनमध्ये कायम करायला तुम्ही त्याचंच नाव दिलंत!"

"मला पुरावा लागेल, अण्णा."

"हा वहीतला आकडा पुरावा नाही तर काय माझं श्राद्ध आहे?"

म्हणून ते गुरुवारचं तोंड हुंगणं.

राही अण्णांच्याच घरी भांडी घासायची. त्यामुळे बातमी आत्मारामाच्या आधी घरी पोचली. तो आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती. पत्र्याची ट्रंक कॉटखालून बाहेर ओढलेली होती आणि चिमाचे कपडे वर घडी घालून ठेवलेले होते. चिमा शेजारी पाठवलेली.

"तुमी पिलाव?"

"न्हाय."

"अण्णा सांगतात पिलाव."

"अण्णा सांगतात. मी सांगतंय न्हाय."

"गिरनीवरनं आलाव तवा बी न्हायच सांगत व्हताव. दारात पडून न्हाय सांगत व्हताव. तोंडातनं लाळ गळत व्हती नि न्हाय सांगत व्हताव."

राहीने त्याचा हात धरून नाकाशी नेलान आणि झटकून दिलान.

"ह्यो वास घेवन रोज जेवायला बसताव. मी कदी बोलले? कामाचा वास हाय म्हटलं, गिळला. आता बाहेरचं मानूस बोलाय लागलं."

"तुज्या डोळ्यांनी बग मंग. उद्या चल माज्याबरोबर. मी काय करतंय ते बग."

"बगतंय," राही म्हणाली. "पन रविवारी खेडची गाडी हाय. तोपर्यंत खरं कळलं तर कळलं. न्हायतर ट्रंक भरलेली हाय."

शुक्रवारी सकाळी नऊला त्या खोलीत चौघं. बाई स्टुलावर, मांडीवर वही. अण्णा दाराशी, किल्ल्यांचा जुडगा बोटात. राही बाहेर पायरीवर, आत यायला तयार नाही, पण नजर आत. उंदरांच्या मुताचा नि स्पिरिटचा वास उन्हं चढायच्या आधीच चढलेला.

"रोज करता तसंच करा, आत्माराम," बाई म्हणाल्या. "आम्ही नाही असं समजा."

हे सोपं नव्हतं. चोरी केली नाही हे दाखवायला माणसानं उभं राहायचं, आणि हात जरा कापला की तीच चोरी. पण आत्मारामाच्या हातांना पुढचं माहीत होतं. बाटली काढलीन, डोळ्यासमोर धरून रेघ वाचलीन, आकडा बोललान. बाईंनी लिहिला. मोठ्या बरणीतून मिसळलेली दारू शंभराच्या रेघेपर्यंत भरलीन, वाकून पुन्हा रेघ बघितलीन. मग बाटली घेऊन खिडकीशी गेला. खिडकीखाली जांभ्याचा एक चिरा होता, काळा पडलेला. त्यावर बाटली वाईच कलती केलीन, चार-दोन थेंब नव्हेत, चांगली धार. ओठ हलले. मग बूच, नळी, आणि बाटली पिंजऱ्याला.

अण्णा ओरडले, "अरे, सांडतोस काय!"

बाईंनी हात वर केला. "बोलू नका. करू दे त्याला."

दुसरी बाटली. रेघ, आकडा, बरणी, खिडकी, चिरा. तिसरी. पाचवी. बाईंचं लिहिणं थांबलं होतं, त्या नुसत्या बघत होत्या. पायरीवर राही उभी राहिली होती. बारावी. अठरावी. आत्माराम आता खरंच विसरला होता की कोणी आहे. गिरणीत साचा लागला की शेजारचा माणूस दिसेनासा होतो, तसा. चोविसावी बाटली पिंजऱ्याला लावलीन आणि पंचविसाव्या, रिकाम्या पिंजऱ्याकडे वळला. त्याची बाटली काढलीन, रेघ वाचलीन, भरलीन, आणि खिडकीकडे न जाता सरळ अडकवलीन.

"थांबा." बाई उठल्या. "हिची नाही ओतलीत?"

"हिची?" आत्मारामाला प्रश्नच कळला नाही. "ह्याच्यात उंदीर कुटं हाय, बाई? प्यायचा कोन? मंग राखन कोनाची द्यायची?"

बाई परत स्टुलावर बसल्या. वही उलटी सुलटी केली, एका पानावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"रोज? पहिल्या दिवसापासून?"

"पयल्या दिसापासून. दारूला हात लावायचा नि राखन द्यायची न्हाय, असं कसं?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, एक थेंब सांडायचा नाही!"

"सांडला न्हाय, बाई. दिलाय."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आठ आठवड्यांचे आकडे. आठ उंदरांची पहिली तुकडी आधीच संपलेली, त्यांचे मेंदू तपासणीला मुंबईला गेलेले, त्यांच्या जागी नवे आठ आलेले. ज्या रिकाम्या पिंजऱ्यावर सगळा भरवसा, तोच एकटा राखणेतून सुटलेला. गळतीचा आकडा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलंच नव्हतं ते तो सांगत नव्हता.

"उद्यापासून हे बंद," त्या म्हणाल्या. "एकदम बंद."

"मंग मी उद्यापासून येत न्हाय."

अण्णा हसले. "बघा! बंद म्हटल्यावर लगेच पळाला. बाई, हे सगळं आत्ता रचलंन. ओततो ते दाखवायला. पितो ते वेगळं."

आत्माराम अण्णांकडे वळलाच नाही. बाईंशी बोलत होता, पण आवाज पायरीपर्यंत जाईल असा.

"बाई, तीन वर्सं मी गुत्त्यावरनं जाताना वाट बदलतंय. आनी हितं रोज सकाळी दारू माज्या हातात, माज्या नाकात. एकलाच असतंय मी. तुमी येताव दहाला. कोन बगनार हाय? ज्याचं त्याला देतंय म्हनून हात तोंडाकडं येत न्हाय. ते थांबलं, तर पुडला घोट माजा. मला म्हाईत हाय. ह्ये मी कोनाला सांगितलं न्हवतं."

शेवटचं वाक्य बोलताना त्याने पहिल्यांदा राहीकडे बघितलंन.

राही पायरीवरून आत आली. चिऱ्याजवळ जाऊन बघितलंन. दगड काळा, खालची माती ओली, आजूबाजूचं गवत जळलेलं. वाकून हाताने माती उचललीन, हुंगलीन, टाकलीन.

"ही एका दिसाची न्हाय," ती अण्णांना म्हणाली. "गवत असं एका दिसात मरत न्हाय. तुमच्या परसात रोज भांड्यांचं पानी फेकते मी, मला कळतं."

"गवताचं काय सांगतेस मला? थोडं ओतलंन, थोडं प्यायलान!"

"मंग मोजा."

बाईंनी मान वर केली.

"किती ओततात ते मोजा," राही म्हणाली. "ते आनी जे गायब हाय ते एकच असंल, तर पिलेलं न्हाय. कमी पडलं, तर तेवढं पिलेलं हाय. मला बी कळू दे."

बाईंनी टेबलावरचं रेघांचं काचेचं नळकांडं उचललं. "ह्यात ओताल, आत्माराम?"

आत्मारामाचा चेहरा पडला. "भांड्यात धरलेली राखन कशी व्हईल, बाई? ती भुईला लागाय पायजे."

"मंग लागू दे की!" राही कडाडली. "आदी भांड्यात धरा, मोजून झालं की नेवन चिऱ्यावर वता. राखनदाराला वाईच धीर न्हाय व्हय? माजी गाडी न्हाय थांबायची, तो थांबंल."

ठरलं, शनिवारी मोजायचं.

शनिवारी सकाळी आत्माराम न जेवता, न चहा घेता आला. भरल्या पोटाच्या हाताचा भरवसा नाही म्हणालान. अण्णांनी नळकांडं स्वतः धुऊन, पुसून, उजेडाला धरून बघितलं. राही या वेळी खिडकीला पाठ लावून उभी.

गोष्ट साधी होती. सांडलेलं किती ते आधी कोणी मोजलेलं नाही. जो माणूस अंदाजाने बाटली कलती करतो, त्याची धार कधी एक मिली पडेल, कधी पाच. एकूण साठ भरलं तर बारा मिली कुठे गेले याचं उत्तर आत्मारामाकडे नसणार होतं. आणि उत्तर नसलं तर रविवारची गाडी होती.

पहिली धार. बाई वाकल्या. "तीन."

अण्णांनी स्वतः वाकून बघितलं. तीन.

ते चिऱ्यावर ओतलं. दुसरी धार. "तीनाला जरा कमी." तिसरी. "तीन." चौथी. "तीनाला एक रेघ जास्त." आत्माराम नळकांड्याकडे बघतच नव्हता. खिडकीबाहेर बघत ओतायचा, जसा रोज ओतायचा. नजर मापाकडे गेली असती तर हात चुकला असता. सातवी. अकरावी. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तो पुसला नाही. एकोणिसाव्या बाटलीला दाराशी कोणीतरी मोठ्याने अण्णांना हाक मारली, किल्ली हवी होती. अण्णा हलले नाहीत. धारही हलली नाही.

"तीन," बाई म्हणाल्या.

चोविसावी झाली. बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली, वही अण्णांपुढे धरली. एकूण एकाहत्तर आणि थोडं.

अण्णांनी चष्मा पुसला. "चोवीस त्रिक बहात्तर," ते हळू म्हणाले, आपलेच दोन दिवसांपूर्वीचे शब्द.

"उरलेलं थोडं नळकांड्याला चिकटलं," बाई म्हणाल्या. "अण्णा, पिणाऱ्या माणसाचा हात चोवीस वेळा असा पडेल?"

अण्णा किल्ल्या घेऊन गेले. माफी वगैरे मागितली नाही. ती त्यांच्या भांडारात नव्हती.

बाईंचं मात्र काम सुरू झालं. हात इतका सारखा पडतो म्हटल्यावर जुने आकडे फेकायची गरज नव्हती. आणखी दहा दिवस त्यांनी ती धार रोज मोजून घेतली, आणि मग आधीच्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा केले. उरले सहा, त्यांनी स्वतः शिमग्यात काढले होते तेवढेच. त्यानंतर राखण बरणीतून निघायला लागली. बाटल्या भरायच्या आधी, बहात्तर मिली, एकदम, चोवीस जणांच्या नावाने. आत्माराम दोन दिवस कुरकुरला, ज्याच्या त्याच्या वाट्यातून गेली पाहिजे म्हणून. मग तोही बरणीतून मोजून ओतायला लागला.

रविवारी राहीने ट्रंक कॉटखाली सरकवलीन. रिकामी केली नाही. चिमाचे कपडे त्यातच राहिले, पावसाळा लागेपर्यंत. आत्माराम रोज जेवायला बसला की ट्रंकेची कडी त्याला दिसायची, आणि ती दिसावी अशीच ठेवलेली होती. जूनमध्ये कायमचा हुकूम आला. तो कागद राहीने ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलान, तेव्हा कपडे बाहेर काढलेन.

उंदीर मेअखेर संपले. आत्माराम एकेक काढून बाईंच्या हातात द्यायचा, मान मागून धरून, चावू नये अशी. मेंदू काढायचा, लगेच गोठवायचा. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून मासेवाल्यांच्या रांगेत उभा राहून बर्फ तोच आणायचा, मीठ घालून थर्मासात भरायचा, आणि बाई मुंबईच्या गाडीत थर्मास मांडीवर घेऊन बसायच्या. जास्त पिणाऱ्या उंदरांत नि कमी पिणाऱ्यांत फरक निघाला, असं बाईंनी नंतर सांगितलं. पण आत्मारामाने परत तोच प्रश्न केलान, आदी काय, आणि बाईंनी परत तीच मान हलवली.

शेवटच्या दिवशी पिंजरे धुवायचे होते. पंचवीसच्या पंचवीस रिकामे. बाटल्यांत थोडी थोडी दारू राहिली होती. बाई पंख्याखाली वही आवरत बसल्या होत्या. त्यांनी बघितलं, आत्माराम बाटल्या टोपलीत भरून बाहेर गेला. खिडकीखालच्या चिऱ्यापाशी थांबला नाही. सरळ मोरीवर जाऊन एकेक उलटी केलीन.

"राखण नाही का आज?" बाईंनी आतून विचारलं.

"कोनाची, बाई?" आत्माराम म्हणाला, पुढची बाटली झटकत. "आता प्यायचा कोनीच न्हाय हितं."